जोगणी आणि लाल बावटा

सांगली ही मराठी नाटकाची जन्मभूमी. १८४३ साली पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी तेथे 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांसमोर आधी आले ते देव. सूत्रधाराचे मंगलाचरण झाल्यावर गजानन प्रकटले, मग मयूरावर आरूढ झालेली सरस्वती आली, आणि त्यांच्या आशीर्वादानंतरच कथेला प्रारंभ झाला. तमाशाच्या फडातही रीत हीच होती. डफ-तुणतुण्याच्या साथीवर गण म्हटला जाई, गणपतीला आवाहन केले जाई, आणि नंतरच गौळण, बतावणी, लावणी व वग. मराठी माणसाची करमणूक देवाच्या परवानगीवाचून सुरू होत नसे.

पहिल्या मराठी नाटकाच्या सुमारे शंभर वर्षांनंतर याच मुलखातील एका शाहिराने गणातल्या गणपतीला नम्रपणे बाजूला केले आणि त्या जागी मातृभूमीला, शिवरायांना, श्रमणाऱ्या माणसाला वंदन केले. तो शाहीर कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. पण गंमत अशी, की त्याच शाहिराने पुढे जी कादंबरी लिहून अमरत्व मिळवले, तिच्या प्रारंभी एका ग्रामदेवतेची जोगणी आहे आणि त्या जोगणीसाठी प्राण देणारा एक मांग आहे. लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी आपल्या माणसांच्या श्रद्धेचे काय केले, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या आयुष्यातून आणि त्यांच्या कथांवर निघालेल्या चित्रपटांतून डोकावत राहतो. त्यांचे चरित्र त्या प्रश्नाच्या अंगाने वाचले, तर ओळखीचे अण्णाभाऊ थोडे निराळे दिसू लागतात.

वाटेगावचा तुकाराम

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे अण्णाभाऊंचा जन्म झाला. वाळवा तालुक्यातले हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आज दोन्ही जिल्हे अण्णाभाऊंना आपले म्हणतात, ते या इतिहासामुळे. वडील भाऊराव, आई वालुबाई. मुलाचे नाव ठेवले तुकाराम. देहूच्या वाण्याचे नाव मांगवाड्यातल्या मुलाला ठेवावे, इतका वारकरी संतांचा ठसा त्या काळच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या सर्व थरांवर होता. मात्र ज्या पांडुरंगाच्या भक्ताचे नाव मुलाला ठेवले, त्या पांडुरंगाच्या राउळात मांगाला पाऊल ठेवता येत नव्हते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडली, ती १९४७ मध्ये. तोवर तुकाराम भाऊराव साठे सत्तावीस वर्षांचे होत आले होते आणि त्यांनी देवाच्या दाराशी उभे राहणे केव्हाच सोडून दिले होते.

वाटेगावच्या मांगवाड्याला आणखी एका शापाने घेरले होते. इंग्रज सरकारने १८७१ पासून केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी अनेक जातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. घरातल्या कर्त्या पुरुषांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर परवानगी, परत आले तर पुन्हा नोंद. गावाच्या जत्रेत हलगी वाजवणारा, लग्नात वाजंत्री वाजवणारा, रात्री गावाची राखण करणारा हाच माणूस सरकारच्या दफ्तरात दरोडेखोर म्हणून लिहिलेला असे. हे कायदे रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

शाळा अण्णाभाऊंच्या वाट्याला आली ती जेमतेम दीड दिवस. वर्गातले जातीचे वागणे आणि मास्तरांचा जाच यांना विटून मुलाने शाळेकडे पाठ फिरवली. त्यांचे खरे शिक्षण झाले ते रानात, जत्रेत आणि तमाशाच्या फडात. नात्यातल्या बापू साठे यांचा स्वतःचा फड होता. ढोलकीचा ताल, वगाची गुंफण, प्रेक्षकाला हसवता हसवता नेमक्या जागी गंभीर करण्याची हातोटी हे सारे तेथेच अंगवळणी पडले. याच वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांचे भाषण अण्णाभाऊंनी लहानपणी एका जत्रेत ऐकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९४३ पासून सातारा भागात प्रतिसरकार चालवून क्रांतिसिंह ठरलेले हे नाना पाटील सत्यशोधक विचारांचे होते आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्याने त्यांना त्या पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाठवले. कीर्तन-भजनांत वाढलेल्या या मुलखाने लाल बावट्याच्या माणसाला मत द्यावे, यात त्या मुलखाला काही विसंगत वाटले नाही. हे ध्यानात ठेवले, म्हणजे अण्णाभाऊंचे मन समजणे सोपे जाते.

स्टालिनग्राडचा पोवाडा

१९३१-३२ च्या सुमारास साठे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, चार दिवस थांबायचे, पुन्हा चालायचे, असा तो प्रवास होता. मुंबईत भायखळ्याच्या चाळीत आसरा मिळाला. मुलाने हमाली केली, पडतील ती कामे केली, गिरणीत नोकरी केली. अक्षरओळख त्याने दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून करून घेतली. मूकपटांचे वेड त्याला याच काळात लागले.

मुंबईत त्या दिवसांत बोलपटाचे नवे युग सुरू झाले होते. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' झळकला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस यांना प्रेक्षक देवाच्या ठायी मानू लागले. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी पडद्यावरची भक्ती जगाने नावाजली, ती तेथून. त्याच शहरात त्याच संताचे नाव धारण करणारा एक तरुण मजूर मात्र वेगळ्या वाटेला लागत होता. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये रा. बा. मोरे आणि इतर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा त्याला सहवास लाभला. पक्षाची पत्रके वाटणे, भिंती रंगवणे, सभेसाठी माणसे गोळा करणे ही कामे करता करता तो लिहूही लागला. पहिले गाणे रचले ते लेबर कॅम्पातल्या डासांवर. देवावर नाही, राजावर नाही, मजुराची झोप उडवणाऱ्या मच्छरांवर!

दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई झाली आणि अण्णाभाऊंनी तिच्यावर पोवाडा रचला. अज्ञानदासापासून चालत आलेला शिवकालीन वीररसाचा हा प्रकार व्होल्गाकाठच्या कामगारांच्या पराक्रमासाठी वापरण्याची कल्पना विलक्षण होती. १९४३ च्या या पोवाड्याने त्यांचे नाव गिरणगावातल्या घराघरांत गेले आणि रशियन भाषेतून ते सोव्हिएत संघातही पोहोचले.

गणातला पालट

१९४४ साली अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊ साठे या तिघांनी लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख बार्शीचे मुसलमान, अण्णाभाऊ वाटेगावचे मातंग. तिघांचा मिळून एक डफ. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' यांसारखे वग त्यांनी कामगार वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत नेले.

तमाशाचा साचा अण्णाभाऊंनी मोडला नाही. त्याच्या आतला ऐवज बदलला. गण राहिला, पण वंदनाचा मानकरी बदलला. गवळणींची छेड काढणारा कृष्ण आणि मावशी यांची जागा रद्द झाली. वगातला राजा-प्रधान गेला आणि तेथे सावकार, मालक, पुढारी येऊन उभे राहिले. हे काम सर्वस्वी नवे नव्हते. सत्यशोधकी जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचे रूप प्रबोधनासाठी आधीच राबवले होते. त्या जलशांचा वारसा आणि मार्क्सचा वर्गविचार यांचा सांधा अण्णाभाऊंनी जुळवला. सरकारचे लक्ष जाणे अटळ होते. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. तमाशा म्हणून बंद पडलेला खेळ मग लोकनाट्य या नावाने उभा राहिला आणि ते नाव मराठीत कायमचे रुजले.

देवाला गणातून काढणे ही त्या काळातल्या पुरोगामी शाहिरांसाठी तत्त्वाची गोष्ट होती. अण्णाभाऊंनी ती केली, आणि मनापासून केली. १९५८ च्या मार्च महिन्यात मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना त्यांनी ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार मांडला. बारकाईने पाहिले तर येथेही त्यांची खास रीत दिसते. पुराणकथा खोटी म्हणून ते फेकून देत नाहीत. पृथ्वी कोणी तरी तोलून धरलेली आहे, हे लोकांच्या मनातले चित्र ते तसेच ठेवतात. फक्त तोलणारा बदलतात.

जोगणीची शिव

'फकिरा' प्रसिद्ध झाली १९५९ साली. अर्पण केली होती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला आणि प्रस्तावना होती वि. स. खांडेकरांची. खांडेकरही मूळचे सांगलीचेच. १९६१ मध्ये या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

कथेचा आरंभ एका रूढीपासून होतो. शिगावात जोगणीची मोठी जत्रा भरते. परगावच्या कोणी ती जोगणी उचलून शिगावची शिव ओलांडली, तर जत्रेचा मान त्या गावाकडे जातो. मात्र शिवेच्या आत तो सापडला, तर त्याचे शिर जाते. वाटेगावच्या जत्रेला मान नाही, याची सल गावाला आहे. ती सल मनावर घेतो राणोजी मांग. तो जोगणी पळवतो, शिव ओलांडतो, आणि नियम मोडून पाठलाग करणारा शिगावचा खोत शिवेपलीकडे त्याचा जीव घेतो. जोगणी वाटेगावात येते, जत्रा भरते, गावाचे नाव होते. राणोजीच्या घरात मात्र पोरका झालेला लहानगा फकिरा उरतो. पुढे मोठा झालेला फकिरा त्याच खोताला शिवेवर अडवतो, तेव्हा त्याचा जीव न घेता त्याला परत पाठवतो.

एका कम्युनिस्ट लेखकाने देवीच्या प्रतीकासाठी झालेल्या मृत्यूचे वर्णन एवढ्या आदराने करावे, याचा अर्थ कसा लावायचा? पोथीनिष्ठ उत्तर सोपे होते. देव ही भाबड्यांची भूल, जोगणी हा गावच्या वतनदारांचा खेळ, आणि राणोजी फसवला गेलेला गरीब. अण्णाभाऊंनी असे लिहिले नाही. राणोजीला फसवले गेल्याची लाज त्यांनी दिली नाही. त्याच्या पराक्रमावर त्यांनी कुत्सित शेरा मारला नाही. देव आहे की नाही, या वादात ते शिरतच नाहीत. त्यांचा प्रश्न निराळा आहे : या देवाची किंमत कोण मोजतो? जत्रेचा मान साऱ्या गावाचा, पण शिर गेले ते मांगाचे. ज्याला गावात घर बांधता येत नाही, त्याने गावासाठी मरायचे. हा अन्याय अण्णाभाऊ ओरडून सांगत नाहीत. राणोजीचा मोठेपणा दाखवतात आणि वाचकाला स्वतः हिशेब मांडू देतात.

कादंबरी तेथेच थांबत नाही. दुष्काळ पडतो, साथ येते, मांगवाडा उपासमारीने मरू लागतो. गावचे विष्णुपंत कुलकर्णी त्यांना सांगतात, की काहीही करा, पण जगा. मग फकिरा आणि त्याचे साथी धान्याचे कोठार फोडतात, पुढे इंग्रजांचा खजिना लुटतात. शेवटी सरकार त्यांच्या बायकामुलांना वेठीस धरते, तेव्हा ती सुटावीत म्हणून फकिरा शरण जातो. बाप गावाच्या देवासाठी गेला, मुलगा माणसांसाठी गेला. श्रद्धेकडून लढ्याकडे जाणारा हा प्रवास एका घरातल्या दोन पिढ्यांत घडतो, आणि दुसऱ्या पिढीचा पराक्रम पहिल्या पिढीच्या श्रद्धेला खोटे ठरवत नाही. 'फकिरा'चे खरे बळ येथे आहे.

इतरत्र त्यांनी श्रद्धेची परखड झाडाझडतीही घेतली. महामारी पसरली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलण्याची खेड्यांतली रीत त्यांच्या एका कथेचा विषय झाली. 'स्मशानातील सोनं' या कथेतला वारणाकाठचा भीमा खाण बंद पडल्यावर मढी उकरून त्यांच्या राखेत सोने शोधतो. भुताखेतांची सारी भीती त्याच्या पोटातल्या आगीपुढे फिकी पडते. ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्याला मेलेल्यांचा धाक कसला, हे त्या कथेतून उमगते आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो.

देवळे मिटलेल्या देशात

१९६१ साली अण्णाभाऊ सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. त्या अनुभवांवर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. ज्या देशाचे स्वप्न त्यांनी लेबर कॅम्पच्या झोपडीत बसून पाहिले होते, तो देश ते डोळ्यांनी पाहत होते. भूक नसलेली, जात नसलेली माणसे कशी जगतात, हे पाहण्याची त्यांची ओढ पुस्तकभर जाणवते. वाटेगावच्या माणसाला कोणी जात न विचारता हातात हात देतो, ही गोष्ट त्यांच्यासाठी कोणत्याही पंचवार्षिक योजनेच्या आकड्यांहून मोठी होती.

आज मागे वळून पाहताना त्या देशाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. क्रुश्चेव्ह यांच्या राजवटीत १९५९ पासून धर्माविरुद्ध नवी मोहीम सुरू झाली होती आणि काही वर्षांत हजारो चर्चना कुलपे लागली. मॉस्कोचे ख्रिस्त तारणहाराचे भव्य कॅथेड्रल स्टालिनच्या काळात, १९३१ मध्ये, सुरुंग लावून पाडले गेले होते आणि १९६० च्या सुमारास त्या जागी उघडा जलतरण तलाव सुरू झाला होता. लेनिनग्राडच्या कझान कॅथेड्रलमध्ये धर्म व निरीश्वरवादाच्या इतिहासाचे संग्रहालय होते. म्हाताऱ्या बायका घरातल्या कोनाड्यात येशूची चित्रे जपून ठेवत आणि नातवंडांना गुपचूप बाप्तिस्मा देत. इकडे लाल चौकात लेनिनच्या जतन केलेल्या देहाच्या दर्शनासाठी माणसांची रांग लागे. पंढरपूरची दर्शनबारी पाहिलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटली असती. देव हद्दपार झाला तरी दर्शनाची भूक हद्दपार होत नाही, हे त्या रांगेत दिसत होते.

ज्या मॅक्झिम गॉर्कीच्या नावाशी अण्णाभाऊंचे नाव नेहमी जोडले जाते, तो गॉर्कीही या प्रश्नाशी झगडला होता. त्याच्या 'आई'मधली म्हातारी क्रांतिकारकांच्या सोबतीने उभी राहते, पण तिचा ख्रिस्त तिला सोडवत नाही. १९०८ च्या सुमारास तर माणसांच्या सामूहिक शक्तीतून नवा देव घडवता येईल, असा विचार गॉर्की मांडत होता आणि लेनिनने त्याबद्दल त्याला चांगलेच फैलावर घेतले होते. कम्युनिस्ट सत्तेला श्रद्धेच्या कलेची भीती पुढेही वाटत राहिली. आंद्रेई तारकोव्हस्की यांनी मध्ययुगीन चित्रकार भिक्षूच्या जीवनावर काढलेला 'आंद्रेई रुब्ल्योव्ह' १९६६ मध्ये तयार झाला. १९६९ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. स्वतःच्या देशातल्या प्रेक्षकांना मात्र त्यासाठी १९७१ पर्यंत वाट पाहावी लागली.

मुरळी पडद्यावर

आता मराठी पडद्याकडे पाहू. अण्णाभाऊंच्या कथांवर सातएक चित्रपट निघाले. गजानन जागीरदारांचा 'वैजयंता' १९६१ मध्ये आला. तमाशा कलावतीच्या मानहानीची ती कथा. 'फकिरा' १९६३ मध्ये पडद्यावर आला. १९६९ हे वर्ष तर अण्णाभाऊंच्या चित्रपटांचेच म्हणावे लागेल. 'माकडीचा माळ'वरून 'डोंगरची मैना', 'चिखलातील कमळ'वरून 'मुरली मल्हारीरायाची' आणि त्याच वर्षी 'टिळा लावते मी रक्ताचा'. पुढे 'वारणेचा वाघ' आणि १९७४ मध्ये 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'.

यांपैकी मुरळीची कथा आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. खंडोबा हे सातारा-सांगलीच्या असंख्य घरांचे कुलदैवत. जेजुरी दूर पडते, तर साताऱ्यातले पाल जवळचे. पौष महिन्यात पालीच्या यात्रेत खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते आणि भंडाऱ्याने नदीकाठ पिवळा होतो. याच खंडोबाला नवस म्हणून मुली सोडल्या जात. देवाशी लग्न लागलेल्या मुरळीला माणसाशी लग्न करण्याची मुभा उरत नसे. १९३४ च्या मुंबई कायद्याने मुली देवाला वाहण्यास बंदी केली, पण कायदा कागदावर आणि मुरळ्या जत्रेत, अशी स्थिती अनेक वर्षे होती. २००५ मध्ये महाराष्ट्राला नवा कायदा करावा लागला, यावरून ती प्रथा किती चिवट होती, हे ध्यानात येते.

'चिखलातील कमळ' लिहिताना अण्णाभाऊंनी पुन्हा तोच हिशेब मांडला. मल्हारीवर रोष नाही, वाघ्याच्या गाण्याची टिंगल नाही. पण देवाच्या नावाने ज्या पोरीचे आयुष्य घेतले गेले, तिच्या बाजूने ते उभे राहतात. सोव्हिएत सत्तेने श्रद्धेची इमारत पाडली. अण्णाभाऊंनी इमारतीला हात लावला नाही, पायाखाली कोण चिणले गेले आहे, ते दाखवले. एकाला सुरुंग लागला, दुसऱ्याला लेखणी पुरली.

चित्रपटाच्या व्यवहारात मात्र या विचाराची धार बोथट झाली, हेही मान्य केले पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या मराठी चित्रपटाला तमाशाचा फड हवा होता, लावणी हवी होती, इरसाल पाटील हवा होता. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांत हे सारे होतेच. त्यामुळे त्यातला रंग पडद्यावर आला आणि राग पुष्कळसा मागे राहिला. ज्याने तमाशातून गौळण काढली, त्याच्या कथांतून सिनेमाने लावणीच तेवढी उचलली, हा दैवदुर्विलास होय.

चिराग नगरचा शेवट

एवढे लिहून, एवढे गाजून अण्णाभाऊ राहत होते घाटकोपरच्या चिराग नगर झोपडपट्टीत. तेथे त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शेकडो पानांच्या कथा, चौदा लोकनाट्ये, पोवाडे, छक्कड. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' या त्यांच्या छक्कडीने बेळगाव-कारवारच्या विरहाला शब्द दिले. पण प्रकाशक आणि निर्माते यांच्याकडून हाती पडलेले पैसे फार थोडे, आणि आलेले टिकले नाहीत. १९६४ मध्ये पक्ष फुटला. ज्या चळवळीला त्यांनी ऐन तारुण्य दिले, तिचे दोन तुकडे झालेले पाहावे लागले. घर दुरावले, मद्य जवळ आले. शेवटी शासनाने गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात घर दिले, पण त्याचा उपभोग त्यांना फार काळ घेता आला नाही. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले. त्यांच्या कथांवरचे तीन चित्रपट ज्या वर्षी आले, तेच हे वर्ष.

अखेरच्या वर्षांत त्यांच्या आयुष्यात तीन निष्ठांची ओढाताण होती, असे म्हणता येईल. मार्क्सचा विचार त्यांनी सोडला नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेऊन श्रद्धेच्या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिले होते. त्याच वर्षी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हिंसेविना समतेचा मार्ग बुद्धाकडे असल्याचे सांगितले. अण्णाभाऊंनी धर्म बदलला नाही, पण बाबासाहेबांनी जग बदलण्याची जी आज्ञा दिली, तिच्यावर त्यांनी गीत रचले आणि ते महाराष्ट्रभर गाजले. तिसरी निष्ठा होती वारणेकाठच्या माणसांवर, त्यांच्या जत्रांसह, नवसांसह, शब्दांसह. या तीन निष्ठांत मेळ घालणारा सिद्धांत त्यांनी लिहिला नाही. त्यांनी राणोजी लिहिला.

मृत्यूनंतर मात्र अण्णाभाऊंचे स्थान वाढतच गेले. २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या शासकीय ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तोवर तेथील कम्युनिस्ट सत्ता जाऊन तीन दशके झाली होती. त्यांच्या पोवाड्यातले स्टालिनग्राड हे नाव १९६१ मध्येच, त्यांच्या दौऱ्याच्याच वर्षी, बदलून व्होल्गोग्राड झाले होते. आणि जलतरण तलावाच्या जागी पाडलेले कॅथेड्रल पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले होते. सत्ता गेली, देऊळ परतले आणि त्या शहरात वाटेगावच्या शाहिराचा पुतळा बसला. इतिहासाचा हा वग अण्णाभाऊंनी लिहिला असता, तर प्रेक्षकांना हसू आवरले नसते.

दर वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत त्यांच्या तसबिरीला हार घातले जातात, मिरवणुका निघतात, गुलाल उधळला जातो. शाहिरी जलशांत आरंभीच्या वंदनात फुले-आंबेडकरांच्या बरोबरीने अण्णाभाऊंचे नाव घेतले जाते. म्हणजे ज्याने गणातून देवाला बाजूला केले, त्याच्यासाठी लोकांनी गणातच जागा केली. वंदन करणारा माणूस वंदनावाचून राहत नाही, हे अण्णाभाऊंना ठाऊक होते. म्हणूनच तर त्यांनी गण रद्द केला नाही, त्यातला मानकरी तेवढा बदलला. त्या जागी आज आपण त्यांना बसवले असेल, तर राणोजीच्या वेळचा तो हिशेब पुन्हा एकदा विचारणे हे आपले काम आहे. मान कोणाचा, आणि किंमत कोण मोजतो?